मुऱ्हाळी म्हणून पाठवलेली मोटार

आमच्या तालुक्यात मला अजून ‘मोटारवाले’ म्हणतात. मोटार विकून दोन वर्षे झाली, तरी नाव राहिले. नव्या लोकांना तो मान वाटतो. जुने लोक ते नाव घेताना किंचित हसतात. हे नाव मला माझ्या बहिणीच्या सासऱ्यांनी दिले, आणि ते कौतुकाने दिलेले नव्हते. त्यामागची हकीकत मी माझ्या गावात कधी खरी सांगितली नाही. जी सांगितली ती खोटी होती, आणि त्या खोट्याचा डाग दुसऱ्यांवर पडला. तो पुसायचा म्हणून हे लिहितो आहे.

आमचे गाव अमळनेरपासून तीन कोसांवर. घरी कपाशीची शेती. पहिली लढाई संपल्यावर कपाशीला असा भाव आला की वडिलांनी, म्हणजे आबांनी, दोन वर्षांत माडी बांधली आणि पांढऱ्या बैलांची एक जोडी घेतली. ही जोडी नांगराला कधी जुंपली नाही. ती फक्त दमणीसाठी, म्हणजे आमच्या टपाच्या हलक्या बैलगाडीसाठी होती. त्या वेळी आमच्या भागात घराची पत दमणीवरून ठरे. आबांची दमणी येताना दिसली की ओट्यावरची माणसे मान म्हणून पाय खाली सोडून बसत.

आबा गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. धुळ्याला देवपुरात राहून मॅट्रिकपर्यंत शिकलो होतो आणि गावात परत आल्यापासून मला दमणीची लाज वाटू लागली होती. चार वर्षांनी मी पांढरी जोडी विकली आणि मोटार घेतली. मोटार जुनीच होती. जळगावच्या एका गृहस्थांनी दुसरी घेतली म्हणून ती माझ्याकडे आली. काळा रंग, कापडी टप, पितळी भोंगा. समोरून हँडल मारल्याशिवाय सुरू होत नसे.

तेव्हा अमळनेर आणि आसपास मिळून चार-पाच मोटारी असतील. मोटारीवरून माणूस ओळखता येई. डॉक्टरांच्या मोटारीला दाराच्या मुठीपर्यंत चिखल असे. वकीलसाहेबांची मोटार कोर्टाच्या दारासमोर अशी उभी असे की पक्षकाराला तिला वळसा घालूनच आत जावे लागे. कापसाच्या जिनवाल्या शेठजींच्या मोटारीला आतून पडदे होते. शेठजी स्वतः तिच्यात क्वचित दिसत. ड्रायव्हर एकटाच मोटार घेऊन जाई आणि शेठजींच्या बायकांना, व्याह्यांना, पाहुण्यांना घेऊन येई. मला हे फार मोठेपणाचे वाटे. आपण घरी बसावे आणि आपली मोटार आपले काम करून यावी.

माझी मोटार दिवसातून दोनदा धुतली जाई आणि कुठेच जात नसे. घरापासून पारापर्यंत, पारापासून घरापर्यंत. कधी प्रांतसाहेबांचा मुक्काम असला तर स्टेशनवर. मी देवपूरचा एक ड्रायव्हर ठेवला होता. लढाईत बसऱ्याला सरकारी मोटारी चालवून आलेला, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याला मी पितळी बटणांचा खाकी कोट शिवला. तो कोट त्याला आवडत नसे. ‘वैशाखात कोट कशाला, भाऊसाहेब?’ एवढेच तो म्हणाला आणि त्याने कोट घातला. मोटार आल्यापासून माझी भाषाही बदलली. घरात आम्ही अहिराणी बोलतो. मी मायशीसुद्धा पुस्तकी बोलू लागलो. ती मला उत्तर अहिराणीतच देई.

आता अक्काविषयी. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. मला कडेवर तिनेच वाढवले. तिचे सासर पांझरेच्या काठी, धुळ्याच्या अलीकडे. आमच्या गावापासून सात-आठ कोस. आमच्याकडे आखाजीचा सण मोठा. अक्षय्य तृतीयेला सासरी गेलेल्या सगळ्या मुली माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, पंधरा दिवस गाव त्यांचे असते. मुलगी मात्र आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचे माणूस जावे लागते. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. भाऊ, चुलतभाऊ, अगदी पाच वर्षांचा भाचा असला तरी चालतो, पण माणूस घरचे पाहिजे.

मुऱ्हाळ्याची एक रीत आहे. तो गेला की त्याला पाय धुवायला पाणी देतात, जेवू घालतात. मग तो म्हणतो, न्यायला आलो. सासरा म्हणतो, औंदा काम आहे, पुढच्या वर्षी पाहू. मुऱ्हाळी पुन्हा विचारतो. सासू म्हणते, घरात माणूस नाही. तो तिसऱ्यांदा विचारतो. तेव्हा कुठे सासू सुनेची ओटी भरते. जेव्हा मी मुऱ्हाळी म्हणून जाऊ लागलो तेव्हा मला हा वेळ घालवण्याचा प्रकार वाटे. अक्काचे गाठोडे आधीच बांधलेले असे, ते मला दिसे, तरी दोन्हीकडून नाटक चाले. पण ते नाटक नव्हते. ‘तुमच्या सुनेला मागणारे कोणी आहे’ हे चारचौघांत तीनदा ऐकू यावे, एवढ्यासाठी ते होते. हे मला कळायला मोटार आल्यावरही सात वर्षे जावी लागली.

मोटार घेतल्यानंतरची पहिली आखाजी आली. मी मायला म्हणालो, ‘उद्या अक्काला आणायला मोटार पाठवतो.’

‘आनि तू?’

‘मी कशाला? ड्रायव्हर आहे ना. मोठ्या घरी असेच पाठवतात.’

माय जात्याजवळ बसली होती. तिने हात थांबवला. ‘तू जाय, भाऊ. मोटार नको, तू जाय.’

‘माय, सगळे गाव पाहील. अक्काच्या सासरी आजवर मोटार गेलेली नाही.’

‘गाव पाहीन,’ ती म्हणाली. ‘अक्का काय पाहीन?’

मी तिला सांगितले की मला अमळनेरला काम आहे. काम नव्हते. खरे कारण लिहायला मला आजही लाज वाटते. मी नेहमी मोटारीच्या आत असे. त्यामुळे माझी मोटार गावात शिरताना कशी दिसते, हे मी कधी पाहिलेच नव्हते. ती वेशीतून धूळ उडवत येते आहे, मागच्या बाकावर माझी बहीण बसली आहे, माणसे उठून उभी राहत आहेत, हे मला ओट्यावर बसून पाहायचे होते. एवढ्यासाठी मी गेलो नाही.

सकाळी ड्रायव्हर निघाला. मी पांढरा सदरा घालून ओट्यावर बसलो. दुपारपर्यंत माझ्याभोवती आठ-दहा माणसे जमली. मीच बोलावली होती म्हणा ना. तिसऱ्या प्रहरी भोंगा ऐकू आला. मोटार वेशीतून आली, आणि मला हवी होती तशीच दिसली. काळी, चकचकीत, मागे धुळीचा लोट. पोरे मागे धावत होती. ती ओट्यापुढे थांबली. मागचा बाक रिकामा होता.

ड्रायव्हर उतरला. म्हणाला, ‘आत चला, सांगतो.’

‘इथेच सांग.’

‘भाऊसाहेब, आत चला.’

मी ऐकले नाही. मला वाटले, अक्का आजारी असेल. मग त्याने सांगितले, शब्दाला शब्द. तो तसाच माणूस होता.

मोटार त्यांच्या दारात उभी राहिल्यावर सारी आळी गोळा झाली. अक्काचे सासरे, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, ते बाहेर आले. त्यांनी मोटारीत पाहिले. मग मोटारीच्या मागे जाऊन पाहिले.

‘मुऱ्हाळी कोठे शे?’

‘मी न्यायला आलो आहे,’ ड्रायव्हर म्हणाला.

‘तू तिना कोन?’

‘ड्रायव्हर.’

तोवर सासूबाई उंबऱ्यात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘आम्ही कोनले नही म्हनानं? ह्या भोंगाले? मोटार काय तिले अक्का म्हनी का?’ आळी हसली.

अक्का नवे लुगडे नेसून, गाठोडे घेऊन दारात आली होती. तिने ड्रायव्हरला विचारले, ‘भाऊनी तब्येत बरी शे ना?’

ड्रायव्हर हो म्हणाला. माणूस खोटे बोलणारा नव्हता. तिने विचारले, ‘मंग तो काब्रं नही उना?’

‘घरी ओट्यावर बसले आहेत,’ त्याने सांगितले.

अक्काने गाठोडे खाली ठेवले. म्हणाली, ‘मी काय रुईनी गठाण शे, डायव्हरसंगे धाडाले? लई जा तुन्ही मोटार.’ मी काय कापसाची गाठ आहे, घेऊन जा तुझी मोटार, असे म्हणून ती आत गेली.

हे सगळे माझ्या ओट्यापुढे आठ-दहा माणसांनी ऐकले. कोणीतरी खाकरले. माय दारात उभी होती. ती म्हणाली, ‘आखो दिन शे. आत्ते जाय.’ म्हणजे अजून दिवस आहे, आत्ता जा. आणि खरेच दिवस होता. मी त्याच मोटारीत बसून गेलो असतो, तर लिहिण्यासारखे काही उरले नसते.

मी गेलो नाही. मी माणसांकडे वळून म्हणालो, ‘हा सगळा बहाणा आहे. त्यांना मोटारच पाहिजे आहे. मोटार नावावर करून द्या म्हणतात, म्हणून मुलगी अडवली.’

हे वाक्य मी कुठून काढले, मला आजही सांगता येत नाही. आधी मनात नव्हते. पण तोंडातून निघाल्याबरोबर मला ते पटू लागले. लोकांनाही पटले, कारण मोटार ही अशी वस्तू होती की ती कोणाला हवीशी वाटेल यात कोणाला शंका आली नसती. ड्रायव्हर माझ्याकडे पाहत राहिला. संध्याकाळी त्याने खाकी कोट घडी करून खुंटीला टांगला आणि पुन्हा अंगात घातला नाही. मीही त्याला विचारले नाही.

ते खोटे आमच्या गावाहून बाजाराच्या दिवशी अमळनेरला गेले, आणि तिथून पांझरेकाठी.

पुढच्या आखाजीला मी स्वतः गेलो. मोटारीतूनच, स्वतः चालवत. पाय धुवायला पाणी मिळाले. जेवण मिळाले. नानांनी मला तोवर नेहमी ‘भाऊ’ म्हटले होते. त्या दिवशी म्हणाले, ‘या, बठा, मोटारवाले.’ ओसरीत बसलेले म्हातारे खाली पाहून हसले.

‘मांगला साली तुम्ही मोटार धाडी,’ नाना म्हणाले, ‘औंदा मोटार तुम्हले लई उनी.’ म्हणजे यंदा मोटारच तुम्हाला घेऊन आली.

मी पुस्तकी भाषेत म्हणालो, ‘अक्काला पाठवता ना?’

‘औंदा काम शे. आनि आम्हले मोटार पाहिजे, असं आम्ही आयकं. ती मियाल्याबगर कसं धाडानं?’

मोटार मिळाल्याशिवाय कसे पाठवू, असे त्यांनी माझेच खोटे माझ्यासमोर ठेवले. मला तिथेच ‘चुकलो’ म्हणता आले असते. निदान रीतीप्रमाणे दुसऱ्यांदा विचारता आले असते. पण ओसरीत माणसे होती, बाहेर मोटारीभोवती माणसे होती. मी उठलो आणि टोपी घातली. मोटार सुरू व्हायला वेळ लागला, हँडल चार वेळा मारावे लागले. त्या वेळात आतून कोणी बाहेर आले नाही.

त्यानंतर पाच वर्षे मी गेलो नाही. माय मोटारीत कधी बसली नाही. मुलीच्या दारी आईने आपण होऊन जायची रीत नव्हती, आणि अक्काला कोणी आणत नव्हते. मी मात्र मोटारीतून फिरत होतो. लोकल बोर्डाच्या सभेला गेलो, सावद्याला केळीच्या एका मोठ्या बागाईतदाराच्या लग्नाला गेलो. तिथे नवरदेवासाठी माझी मोटार मागितली तेव्हा मला धन्य वाटले. माझ्या मोटारीतून परक्याचा मुलगा मिरवला. माझी बहीण तिच्यात एकदाही बसली नव्हती.

मग दुसरी लढाई आली. पेट्रोलला कुपने लागली, टायर मिळेनात, ड्रायव्हर धुळ्याला उतारूंच्या सर्व्हिस मोटारीवर गेला. मोटार बहुतेक वेळ गोठ्यातच उभी असे. लढाईने मला मोटारीतून उतरवले असे मी म्हणू शकलो असतो, आणि लोकांना तसे वाटतेही. पण ज्या वर्षाविषयी मी आता सांगणार आहे त्या वर्षी माझ्याकडे पेट्रोलचे दोन भरलेले डबे होते आणि मोटार चालत होती. मला स्वतःलाही ती चालवता येत होती.

त्या चैत्रात बायको मला म्हणाली, ‘तुम्हाला एक दाखवायचे आहे.’ तिने स्वयंपाकघरात नेले. मायने निवडलेली डाळ सुपात होती. त्यात खडे तसेच होते, आणि बाजूला काढलेल्या खड्यांत डाळीचे दाणे होते. बायको म्हणाली, ‘वर्षभर मी परत निवडते आहे. त्यांना कळू देत नाही.’

मायला कळत होते. त्याच संध्याकाळी ती मला म्हणाली, ‘तुन्ही बायको चांगली शे. डाय पुन्हा निवडस, बोलत नही.’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘एक डोया गया. दुसराले आखो थोडं दिसस. ते जाई, त्याना पहिले अक्कानं तोंड दखाड. आखो काहीच नको माले.’

तिने सात वर्षांत मला हे पहिल्यांदा तोंडाने सांगितले. मी त्याच वेळी ठरवले की या आखाजीला जायचे आणि अक्काला घेतल्याशिवाय परतायचे नाही. दोन दिवस लागोत, दहा लागोत. लोक काय पाहतील ते पाहोत. आणि मोटार न्यायची नाही, कारण ती असली की माझ्याआधी तीच बोलते.

पहाटे पायी निघालो. सगळा रस्ता चालत गेलो असे लोक सांगतात, ते खरे नाही. बोरी नदी ओलांडल्यावर एक ओळखीचा गाडीवान भेटला.

‘मोटारवाले! मोटार कोठे शे?’

‘घर शे.’

‘बिघडनी?’

‘नही, बरी शे.’

‘सांगा ना, लाज कसानी! बिघडसच ती. बठा मन्हा गाडीमा.’ मी कोसभर त्याच्या गाडीत बसलो. कोसभर तो मला बैल कसे बिघडत नाहीत हे समजावत होता.

दुपारी उन्हात मी अक्काच्या सासरी पोहोचलो. नाना ओसरीतच होते. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले, मग रस्त्याकडे, मोटार मागून येते आहे का ते. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, ‘अक्काले लेवाले उनू, नाना.’

‘न्यायला आलो’ हे रीतीचेच वाक्य, पण सात वर्षांत मी प्रथमच त्यांच्याशी आपल्या बोलीत बोललो होतो.

‘पायी?’

‘पायी. एक कोस गाडीमा.’

‘जेवी ले,’ ते म्हणाले. जेवण झाल्यावर मी पुन्हा विचारले. म्हणाले, ‘औंदा काम शे.’ सासूबाई आतून म्हणाल्या, ‘बिबडा करना शेतस. घरमा मानूस नही.’ बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ते वैशाखात घरोघर घालतात आणि खाटांवर वाळवतात.

मी म्हणालो, ‘बरं. मी बठस.’ आणि बसलो.

रात्री ओसरीतच झोपलो. सकाळी सासूबाईंनी अंगणात दोन खाटांवर बिबडे घातले आणि माझ्या हातात काठी दिली. ‘बठनाच शे ते कावळा हाकल.’ मी हाकलू लागलो. तासाभरात आळी जमली. इतक्या वर्षांपूर्वी ज्या आळीने माझी मोटार पाहिली होती, तीच.

‘मोटारवाले, भोंगा वाजाडा! कावळा उना!’

‘ओ मोटारवाले, बकरी! बिरीक लावा!’

मी काठी घेऊन बकरीमागे धावलो. हसणे मोठे झाले. सांगायला आश्चर्य वाटते, पण मला ते हसणे लागले नाही. इतकी वर्षे मी ज्या हसण्याला भीत होतो ते एवढेच होते.

दुपारी अक्का बिबडे उलथवायला बाहेर आली. इतक्या वर्षांनी ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. केस पांढरे झाले होते. एकेक बिबडा उलथवत, माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, ‘मांगे तू उना व्हता, मोटारमा. मी दारआड उभी व्हतू. सासूनी ओटीनं नारळ काढी ठेयेल व्हतं. माले वाटनं, आखो एकदाव इचारशी.’

मी काठीने एक कावळा हाकलला.

‘एकदाव इचारं आनि उठी गया. हँडल मारानं तू चारदाव करं. ते मी मोजं.’

तिने पुढची रांग उलथवली. मग विचारले, ‘माय कशी शे?’

तेव्हा मी तिला डाळीचे सांगितले. खडे सुपात राहतात आणि दाणे बाहेर जातात, हे सांगितले. अक्काचा हात थांबला. तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. ‘आनि तू वर्षभर काय करं?’ एवढे म्हणून ती आत गेली.

संध्याकाळी नाना ओसरीत बसले, चार म्हातारे नेहमीप्रमाणे आले, आळीतले आणखीही आले. मी तिसऱ्यांदा विचारले.

नाना म्हणाले, ‘मोटार आनी का?’

माणसे हसण्याच्या बेतात होती. मी उभा राहिलो. मी तिथे जे बोललो ते अहिराणीत बोललो; इथे सर्वांना कळावे म्हणून साध्या मराठीत देतो. मी म्हणालो, ‘नाना, तुम्ही मोटार कधी मागितली नाही. तुम्ही काहीच मागितले नाही. मी बहिणीला आणायला आलो नाही, माझी मोटार रिकामी परत आली, तेव्हा लोकांत माझी अब्रू गेली. ती वाचवायला मी खोटे बोललो. तुमच्या घराला मी हावरे ठरवले. त्या दिवशी मला काही काम नव्हते. मी ओट्यावर बसून मोटारीची वाट पाहत होतो. बहिणीची नाही.’

कोणी हसले नाही. मला वाटले होते की हे बोलल्यावर हलके वाटेल. तसे काही झाले नाही. फक्त पाय दुखत होते ते जाणवू लागले.

मी चौथ्यांदा म्हणालो, ‘अक्काले लेवाले उनू.’

नाना बराच वेळ तपकिरीची डबी बोटांत फिरवत राहिले. मग आत तोंड करून म्हणाले, ‘काय व? बिबडा वायनात का?’ म्हणजे वाळले का.

आतून सासूबाई म्हणाल्या, ‘वायनात.’

‘मंग ओटी भर.’

ओटी भरून अक्का गाठोडे घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यात थांबली. म्हणाली, ‘कशामा लई जाशी रे माले? खांदावर?’

मी हे ठरवलेच नव्हते. इतके ठरवून निघालो होतो आणि बहिणीला न्यायचे कशातून, हा विचार माझ्या मनात आला नव्हता. आता मात्र सगळी ओसरी हसली, सासूबाईसुद्धा हसल्या. मुऱ्हाळी आला आणि गाडीच नाही! शेवटी दुसऱ्या दिवशी पहाटे नानांनी आपलीच दमणी दिली, आपला गाडीवान दिला. सासरच्या गाडीतून माहेरी आलेली अशी बहीण आमच्या गावाने पूर्वी पाहिली नव्हती. वेशीत गाडी कोणी ओळखली नाही, त्यामुळे कोणी उठले नाही. आम्ही दारापर्यंत आलो तेव्हाच लोकांनी अक्काला पाहिले.

माय ओट्यावर होती. अक्का खाली उतरून तिच्याजवळ बसली. मायने तिचे तोंड हाताने डावीकडे वळवले, मग थोडे वर, चांगल्या डोळ्याच्या बाजूला उजेड येईल असे. बराच वेळ पाहिले.

‘केस धवया झायात तुन्हा,’ ती म्हणाली.

‘झायात, माय.’

‘दात?’

‘दोन पडनात.’

‘दखाड.’

अक्काने तोंड उघडून दाखवले. माय एकेक गोष्ट बघून घेत होती, पुढे दिसणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसासारखी. तिचा दुसरा डोळा त्यानंतर चौदा महिने टिकला. पुढची आखाजीही त्यात आली.

पंधरा दिवसांनी मी अक्काला परत पोहोचवायला गेलो. या वेळी शेजाऱ्याची गाडी मागून घेतली होती. नाना दारात उभे होते. अक्का आत गेल्यावर मी म्हणालो, ‘पुढला साली उसू, नाना.’ म्हणजे येईन.

‘ये,’ ते म्हणाले. ‘पन मी नहीच म्हनसू, मोटारवाले.’

‘म्हना.’

‘काम ऱ्हाईन.’

‘ऱ्हाऊ द्या. मी बठसू.’

पुढच्या वर्षी त्यांनी मला दीड दिवस बसवले. कुरडयांची खाट राखायला दिली. मी बसलो.